कुमुदताईच्या टाकीतलं शेवाळ

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जबलपूरच्या बाजारात, बड्या फुहाऱ्याजवळच्या दुकानात पडद्याचं कापड बघत होतो. तिच्या शेजारणीनं एवढंच सांगितलं, "भैया, दीदी नहीं रहीं." आणि लगेच विचारलं, "मछलियों का क्या करें?" ... याला आता दोन महिने झाले. भेटायला आलेली माणसं माझ्या या थोरल्या चुलतबहिणीला 'प्रेमळ' म्हणत होती. प्रेमळ! ज्यांना ती दारातही उभं करत नसे, तेच डोळे पुसत होते. कुमुदताई माणसांशी तुच्छतेनं बोलायची, आणि बहुतेक वेळा समोरचा त्याच लायकीचा असायचा. मीसुद्धा.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढून ती निवृत्त झाली आणि महाराजपुरातल्या घराच्या पुढल्या खोलीत तिनं खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. त्यात जिवंत प्रवाळ, शंखवाल्या गोगलगाई, कोळंबी, दोन नारिंगी पट्ट्यांचे मासे. जबलपूरला समुद्र कुठला? मीठ पुड्यांतून यायचं, जीव नागपूरहून. नातेवाईक हसले. पहिल्याच वर्षी खडकांवर केसांसारखं लांब हिरवं शेवाळ माजलं आणि प्रवाळ त्याखाली गुदमरू लागले, तेव्हा तर फारच हसले. दुकानदारानं औषधाची बाटली पुढे केली. ती तिथंच म्हणाली, "बाटली विकणारा शेवाळ मारत नाही, गिऱ्हाईक पाळतो."

मग ती दातांचा ब्रश घेऊन बसली. खडक घासायचा, सुटलेलं शेवाळ नळीनं ओढून काढायचं, दिवे कमी तास लावायचे, माशांना चिमूटभरच खाणं, आणि पाणी फक्त फिल्टरचं. "शेवाळ रोग नाही," ती सांगायची, "पाण्यात खाणं उरलं की ते येणारच." मी चेष्टेनं म्हणालो, "काय ताई, खडकाचे दात घासून राहिली?" तिनं वर न बघताच उत्तर दिलं, "तुले सगळं चार दिवसांत पाहिजे. म्हणून तुह्या घरी तुळसही टिकत नाही." तीन महिन्यांनी खडक स्वच्छ झाला. मी मात्र तसाच राहिलो.

मागल्या उन्हाळ्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. किल्ली माझ्याकडे आली. मे महिन्यात टाकीचं पाणी भराभर आटतं आणि फिल्टरचं पाणी थेंबाथेंबानं पडतं. मला कंटाळा आला. नळाच्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. मासे तोंड वर करून यायचे, तेव्हा दया येऊन चिमटीमागून चिमटी टाकली. असली दया फुकटची असते ... पंधरा दिवसांत खडक हिरवेगार झाले. चार दिवसांनी ताई घरी येणार होती. मी दुकानात गेलो आणि तीच बाटली आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवाळ फिकं पडलं होतं. मी स्वतःवर खूश झालो. संध्याकाळी गोगलगाई काचेवरून गळून उलट्या पडलेल्या, कोळंबी मेलेली, प्रवाळ मिटून गेलेले. फक्त ते दोन मासे फिरत होते.

ताई वॉकर धरून टाकीपुढे उभी राहिली. "ताई, लाईट गेली होती ..." मी सुरू केलं. तिनं टाकीमागून बाटली काढली आणि चष्मा वर करून वाचली.

"यात तांबं आहे. गोगलगाईले ते विष. हे वाचलं होतं?"

"नाही."

"तू शेवाळाले नाही भ्याला. माह्या तोंडाले भ्याला. त्यापायी एवढे जीव मारले."

आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि निघालो.

"किल्ली ठेवून कुठं चालला? बादली उचल."

तो सगळा पावसाळा मी बादल्या उचलल्या. ती खुर्चीवरून पाहायची. तांबं मुरलेले खडक आणि वाळू टाकून दिली, नवीन खडक मांडले, पाणी पुन्हापुन्हा बदललं. "एवढा मोठा माणूस, साधी नळी धरता येत नाही," हे रोजचं. दिवाळीनंतर एक गोगलगाय सोडून पाहिली. दोन दिवसांत मेली. "अजून आहे विष," ती म्हणाली. "थांबू." पण थांबायला ती राहिली नाही. एका सकाळी झोपेतून उठलीच नाही.

तेराव्याच्या पंगतीत एका मेहुण्यानं सुचवलं, गोडं पाणी भरा, गोल्डफिश सोडा, शोभा येईल. शोभा! किल्ली मी माझ्याकडेच ठेवली.

मागल्या आठवड्यात नागपूरहून एक गोगलगाय आणवली. दोन दिवस ती कोपऱ्यात मिटून बसली होती. तिसऱ्या दिवशी पुढल्या काचेवरच्या हिरव्या थरात बोटभर रुंदीची वाकडीतिकडी स्वच्छ वाट दिसली, आणि त्या वाटेच्या टोकाला ती, चरत. मला इतका आनंद झाला की खाण्याचा डबा उघडून चिमूट उचललीसुद्धा. मासे वर आले. त्यांचं सकाळचं खाणं होऊन तासही झाला नव्हता ... चिमूट मी डब्यात परत टाकली, झाकण घट्ट लावलं आणि बाह्या सारून खडक घासायला बसलो.