कॅसेटमधला क्रम

कॉलेजच्या मित्रांच्या गेट-टुगेदरला सुधीरने मोबाइलवर आमच्या लाडक्या रॉक बँडचं गाणं लावलं. ते संपताच सवयीने आम्ही पुढचं गाऊ लागलो, हॉस्टेलमधल्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ कॅसेटच्या क्रमाने. पण त्याने मूळ अल्बम लावला होता. वाजलं भलतंच, संथ, उदास गाणं. उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, आणि म्हणे आम्ही त्या बँडचे भक्त.

निवडक तेवढंच वाजवलं की काहीही टिकतं. आमची मैत्रीही त्याच चार किश्श्यांवर टिकली आहे.

सुधीर हळूच म्हणाला, “बायको गेली रे माझी, दिवाळीच्या आधी. कॅन्सरने.”

एकजण म्हणाला, “अरे, ते आपलं कॅसेटवालं लाव ना.”

त्याने निमूटपणे लावलं. मग मात्र सगळ्यांना शब्द न् शब्द येत होता.