आईच्या मानाचं लुगडं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही, आणि त्यांच्यापासून मी डब्यातला गूळसुद्धा कधी लपवला नाही.

खोटं कशाला बोलू, सुखात आहे मी. पोरंबाळं मार्गी लागली, सून जीव लावते. पण कुणाच्या लग्नात आईच्या मानाचं लुगडं निघालं, की मी पाणी प्यायला उठते. का? तेच सांगतेय.

मला जन्म देणारी मी रांगत असतानाच गेली. मग वडिलांनी पुणतांब्याच्या घरात जिला आणलं, तिलाच मी आई म्हणत आले. 'सावत्र' हा शब्द आमच्याकडे फक्त गोष्टीत यायचा. गोष्टीतली सावत्र आई पोरीला उपाशी ठेवायची — आणि आमची? मला साय वाढून स्वतःच्या पोराला ताकावर भागवायची.

लढाईचे दिवस, कापड कंट्रोलवर, मोजूनच मिळायचं. आईकडे धड लुगडं एकच, तेही मधला फाटका भाग काढून, उरलेलं जोडून दंड घातलेलं. माझं लग्न ठरल्यापासून ती घोकत होती, "इहिनीकडचं मानाचं लुगडं आलं, की त्येच नेसून गंगंवर जाईन." गंगा म्हणजे आमची गोदावरी.

लग्नात सासरकडच्या, नेवाशाच्या बाया नटूनथटून आलेल्या. आई चुलीपुढून तशीच उठून आली — कपाळाला राख, अंगावर ते दंडाचं लुगडं, बोलणं नेहमीसारखं मोठ्यानं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आणि मला — कसं सांगू — तिची लाज वाटली. सासूबाईंनी हातातलं नवं लुगडं सावरत हळूच विचारलं, "ही तुजी आई का गं?"

"न्हाई," मी म्हणाले. "सावत्र हाय."

एवढंच. मग सख्खं माणूस म्हणून लुगडं माझ्या आत्याला गेलं. आत्याच्या निऱ्यासुद्धा आईनंच सारख्या केल्या.

माहेरी सगळे धरून चालले, की सासूनंच अपमान केला. मी धरू दिलं. आणि सासूबाई? त्यांनी मला शेवटपर्यंत उघडं पाडलं नाही.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले, तेव्हा आई त्याच लुगड्यात होती, आता दुसरा दंड घातलेला. शेजारणीला कौतुकानं सांगत होती, "ही माजी थोरली." मग माझ्या हातावर डिंकाचा लाडू ठेवून म्हणाली, "तुजी सासू मानापानाला लई कडक, न्हाई का गं?"

मी लाडू खाल्ला. चांगला झाला होता. आणि म्हणाले, "व्हय."