काट्याची वही

माझी थोरली बहीण डूख धरते. हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती नाकारतही नाही. शाळेत असताना मी तिची कंपासपेटी मोडली होती. त्याचा वचपा तिनं माझ्या लग्नात काढला. फोटोग्राफरला हळूच सांगितलं, ‘हिचे डावीकडून काढू नका, डावीकडून ही आमच्या काकांसारखी दिसते.’ दिवसभर त्या माणसानं माझी मान उजवीकडे वळवून ठेवली. ती मान आठवडाभर दुखत होती. मध्ये सोळा वर्षं गेली होती, बोला!

तर अशा बाईच्या नवऱ्यावर खोटं खापर फोडलं, तर काय होईल?

ताईचं काम पहिल्यापासून वजनाचं. आधी ती भंगाराच्या गोदामात ट्रकचा काटा बघायची. ट्रकवाले भरलेला ट्रक आणताना टाकीत पाणी भरून आणणार, क्लीनर मागे ताडपत्रीखाली दडून बसणार, या सगळ्या खोड्या तिला पाठ. भाऊजी, म्हणजे तिचे मिस्टर, शर्यतीच्या गाड्यांचे मेकॅनिक. राष्ट्रीय स्पर्धेतल्या एका नावाजलेल्या संघाचे सगळ्यात जुने. त्या संघाच्या मालकाला सगळे नुसतं ‘मालक’च म्हणतात. मीही तेच म्हणते, तोंड कडू होतं तरी.

या स्पर्धेतल्या गाड्यांना छप्पर नसतं, चारही चाकं अंगाबाहेर उघडी, आत एकच माणूस कसाबसा मावेल एवढी जागा. वर्षात सात ठिकाणी दोन-दोन शर्यती. पहिल्याला पंचवीस गुण, दुसऱ्याला अठरा, तिसऱ्याला पंधरा, असं दहाव्यापर्यंत. चौदा शर्यतींची बेरीज ज्याची जास्त तो देशाचा विजेता, आणि त्याला पुढचं वर्ष परदेशात गाडी चालवायला मिळते, सगळा खर्च स्पर्धेचा. गाड्या मात्र सगळ्यांच्या सारख्याच. सांगाडे एकाच कारखान्यातले, इंजिनं सील केलेली, आणि कुणाला कुठलं इंजिन ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. पैसेवाल्याला पैसा ओतायला फारशी जागाच ठेवलेली नाही. मग तो वजनात हात मारायला बघतो. गाडी आणि हेल्मेटसकट ड्रायव्हर मिळून पाचशे सत्तर किलो भरलेच पाहिजेत. कमी भरले तर सीटखाली शिशाच्या पट्ट्या बोल्टनं बसवायच्या. एक पट्टी काढली की गाडी तेवढी हलकी, तेवढी चपळ. म्हणून शर्यत संपल्या संपल्या पहिल्या तिघांना काट्यावर आणतात.

अकरा वर्षांपूर्वी एका शर्यतीच्या तोंडावर पाऊस थांबला आणि सगळ्यांची चाकं बदलायची धावपळ उडाली. भाऊजी मागच्या डाव्या चाकावर होते. त्यांची पद्धत ठरलेली. नट आवळायचा, मोठ्या पान्यानं एकदा तपासायचा, मग नटावरून चाकावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे झालं. ती रेघ ओढायच्या आधीच जॅक खाली आला आणि गाडी सुटली. दुसऱ्या वळणावर चाक निखळलं, कुंपणावरून उडालं आणि पलीकडे उभ्या झेंडेवाल्याचा पाय दोन ठिकाणी मोडला.

चौकशीत मालक म्हणाला, “यानं अंगठा दाखवला, म्हणून आम्ही सोडली.” बस्स, एवढंच. नटावर रेघ नव्हती हे सगळ्यांना दिसत होतंच, म्हणजे न तपासताच अंगठा दाखवला असं ठरलं. भाऊजींचं लायसन्स कायमचं रद्द. ते त्या झेंडेवाल्याला भेटायला इस्पितळात गेले, तर त्याच्या बायकोनं दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून भाऊजी घरी शिलाई मशिनं दुरुस्त करतात. आणि घरातला एकही स्क्रू असा नाही ज्यावर पिवळी रेघ नाही. नळ, बिजागऱ्या, कुकरचा दांडा, माझ्या चष्म्याची काडीसुद्धा. त्या दिवसाबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत.

ताई रडली नाही. तिनं परीक्षा दिली, फुकटात राबली, आणि सात वर्षांत त्या स्पर्धेच्या काट्यावर प्रमुख होऊन बसली. मला लेखनिक म्हणून ओढलं. मालकाला कुणीतरी सांगितलं, ही त्या जुन्या मेकॅनिकची बायको. तो हसला म्हणे. “बसू दे की. काटा काय, जे भरेल ते दाखवणार. माझं काय वाकडं करणार ती?”

खरंय. काटा जे भरेल तेच दाखवतो. ताईनं चार वर्षांत एक ग्रॅमही इकडचा तिकडे केला नाही. मीच चिडायचे. “अगं, एकदा तरी अडकव त्याला!” ती म्हणायची, “खोटं अडकवलं की तो सुटणार आणि मी अडकणार. थांब जरा.” थांब जरा, थांब जरा! माझा जीव मेटाकुटीला आला होता.

आता वहीचं सांगते. काट्याभोवती जमिनीवर पांढरा पट्टा मारलेला आहे. पूर्वी एकदा तिथं दोन संघांची मारामारी झाली आणि कोण काय बोललं यावरून महिनाभर भांडण चाललं. तेव्हापासून नियम आहे, पट्ट्याच्या आत जो जे बोलेल ते वेळेसकट वहीत उतरवायचं. तशी हातभर पाटीही लावलीय. गाडी सोडवायची तर संघमालकानं त्या पानावर सही करायची, आणि सही केलेलं पान असेल तरच अपील करता येतं, तेही अर्ध्या तासात. त्यामुळे मेकॅनिक लोक पट्ट्याच्या आत आले की तोंडाला कुलूप. खुणांनी बोलतात. खोकलासुद्धा गिळतात. मालक लोकांना यातलं काही ठाऊक नसतं, कारण ते काट्यावर कधी येतच नाहीत. ते चषकापाशी असतात. सह्यासुद्धा कागद बाहेर मागवून करतात.

या वर्षीची शेवटची शर्यत. मालकाचे चिरंजीव अकरा गुणांनी पुढे होते. शर्यतीत ते दुसरे आले, पाठलाग करणारा पोरगा पहिला. तरी चार गुण शिल्लक राहत होते. म्हणजे देशाचे विजेते चिरंजीवच. तिकडे ढोल बडवल्यासारखा पत्रा बडवणं सुरू झालं. पण शेवटची संथ फेरी मारताना चिरंजीव नीट रस्ता सोडून कडेकडेनं येत होते. कडेला झिजलेल्या टायरांचं रबर पडलेलं असतं. गरम चाकांना ते चिकटतं, आणि गाडी जड होते.

ताई दुर्बीण खाली ठेवत म्हणाली, “वेचतोय.” भंगाराच्या ट्रकचं टाकीतलं पाणीच ते, दुसरं काय!

गाडी काट्यावर आली. पाचशे सत्तर किलो चारशे ग्रॅम. मेकॅनिकनं सुस्कारा सोडला. मी वही मिटायला लागले, तर ताई म्हणाली, “चाकं खरवडा. तिघांचीही.”

नियमात ते पहिल्यापासून आहे, चाकाला चिकटलेलं बाहेरचं काही वजनात धरू नये. पण गरम रबर खरवडायचं म्हणजे पाऊण तासाचं काम, म्हणून सगळे कानाडोळा करतात. त्या दिवशी पहिल्याची खरवडली, तिसऱ्याची खरवडली. दोन्ही गाड्या वजनात बसल्या. मग चिरंजीवांची. बादलीभर काळे गोळे निघाले. पुन्हा काट्यावर. पाचशे एकोणसत्तर किलो दोनशे ग्रॅम. आठशे ग्रॅम कमी. म्हणजे शर्यतीतून बाद, अठरा गुण गेले, विजेतेपद गेलं.

मालक धावतच आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तो पांढरा पट्टा ओलांडला. माझं पेन तयार होतं.

“हा गाढव पट्टी बसवायला विसरला,” तो आपल्या मेकॅनिककडे बोट दाखवून म्हणाला. मेकॅनिकनं मान वर केली नाही. मी लिहिलं. पुन्हा तेच, बघा! अकरा वर्षांनी तेच बोट, फक्त माणूस दुसरा. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मग मालकाचा आवाज एकदम मऊ झाला. “बाई, तुमच्या मिस्टरांचं मला ठाऊक आहे. त्यांना फार भोगावं लागलं. खरवडायच्या आधीचं वजन लिहा ना. मी उद्याच समितीला पत्र देतो. त्यांचं लायसन्स परत मिळेल.”

ताईनं बोटं काट्याच्या कठड्यावर घट्ट आवळली होती. अकरा वर्षं तिला तेच एक पत्र हवं होतं. माझ्या मनात आलं, घे गं बाई, घे, मरू दे ते आठशे ग्रॅम! भाऊजींचं नाव धुऊन निघतंय ना? खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर घेतलं असतं.

“पत्रात काय लिहाल?” ताईनं विचारलं.

“हेच की त्यानं अंगठा दाखवला नव्हता. तो अजून नटावरच होता, जॅक मीच काढायला लावला. झालं समाधान?”

“तुम्हीच?”

“हो, मीच! मीच ओरडलो, सोड म्हणून. आता लिहा ते वजन.”

त्याचा मेकॅनिक पाटीकडे बघत उभा होता. एक शब्द बोलून त्याला मालकाला थांबवता आलं असतं. नाही बोलला. शहाणा माणूस.

ताईनं माझ्याकडे वळून विचारलं, “वेळ?”

“चार वाजून बारा मिनिटं.”

“लिही. शब्द न् शब्द. आणि वजन लिही, पाचशे एकोणसत्तर दोनशे.”

मी लिहिलं आणि वही त्याच्यापुढे सरकवली. त्यानं वाचलं. मग पाटी वाचली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, ते मी डोळे भरून बघून घेतलं, का नाही बघायचं? तो म्हणाला, ही वही फाडीन. मी तेही लिहिलं. तो म्हणाला, सही करणार नाही.

“नका करू,” ताई म्हणाली. “मग अपील नाही. मुलाचं विजेतेपद इथंच संपलं. बावीस मिनिटं आहेत.”

सतरा मिनिटं तो पट्ट्याच्या आत येरझाऱ्या घालत होता, ओठ मिटून. शिकला होता तोपर्यंत. शेवटी पोराचे अठरा गुण वाचवायला त्यानं स्वतःच्या कबुलीखाली सही केली. अपील तीन आठवड्यांनी फेटाळलं गेलं. सही मात्र राहिली.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं त्या पानाची प्रत भाऊजींच्या मशिनवर ठेवली. माझ्या अंगात नुसता आनंद मावत नव्हता. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, नाचेल, निदान त्या मालकाला एक सणसणीत शिवी तरी हासडेल. भाऊजींनी हातातलं तेल पुसलं. पान वाचलं. पुन्हा वाचलं, बोट ओळीवर ठेवून.

“म्हणजे मी अंगठा दाखवला नव्हता,” ते म्हणाले.

“म्हणजे काय? नव्हताच दाखवला!” ताई म्हणाली.

“मला आठवेचना गं. तो इतकं ठामपणे म्हणाला, की मला वाटलं, दाखवला असेल मीच. अकरा वर्षं मला वाटत होतं, त्या माणसाचा पाय मीच मोडला.”

ते उठून मोरीत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. मी रडायला लागले. ताई नाही. ती त्या पानावरच्या सहीकडे बघत बसली होती.

“आठशे ग्रॅम,” ती म्हणाली. “फार स्वस्तात सोडला गं मी त्याला.”