अठ्ठावन्न सेकंद

अभिमन अहिरेच्या पायाला भिंगरी बांधलीय, असं त्याची आईच म्हणायची. पीएच.डी. झाली, पस्तिशी उलटली, तरी या माणसाला बसून चहा पिताना कुणी पाहिलं नव्हतं. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला पुढच्या संशोधनासाठी तो धुळ्याच्या एका दवाखान्यात आला.

काम सांगायला सोपं होतं. निरोगी रक्तातल्या तांबड्या पेशी अंग मुडपून अरुंद वाटेतून निघून जातात. जंतू रक्तात भिनले की त्या ताठरतात. रोग्याचं थोडं रक्त बारीक गाळणीतून सोडायचं आणि किती सेकंद लागले ते मोजायचं. बावीसच्या आसपास म्हणजे ठीक, जितके जास्त तितकं वाईट. शेकडो आकडे जमल्याशिवाय यातून काही कळत नाही, एकट्याच्या आकड्यावर जगणं-मरणं ठरत नाही, हे त्याने नातेवाइकांना घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. पण ऐकतं कोण? दारात उभं राहून सगळे एकच विचारायचे, किती भरले?

चोपड्याची सुगंधाबाई केळीच्या वखारीत घड मोजायची. तिचा नवरा मोतीलाल याच्या पायाला कुदळ लागून विष अंगभर चढलं होतं. आकडा वाईट आला तर त्याला घरी नेणार, मरायचंच तर आपल्या दारात मरू दे, असं तिने नर्सला सांगून टाकलं होतं. जीपसुद्धा ठरवून ठेवली होती, हे अभिमनच्या कानावर आलं होतं. सलाइन काढून नेला असता तर मोतीलाल वाटेतच गेला असता.

सुगंधाबाई दारात उभी असताना अभिमनने घड्याळाचा खटका दाबला, रक्त उतरल्यावर पुन्हा दाबला. वहीत अठ्ठावन्न लिहिलं आणि दाराकडे न बघता बावीस म्हणाला.

सुगंधाबाईने जीप परत पाठवली. इकडे अभिमनचा जीव टांगणीला लागला. संशोधक म्हणवतो आणि आकडा खोटा सांगतो, याची त्याला लाज वाटत होती. मोतीलाल गेला तर या बाईला काय तोंड दाखवणार, ही भीती त्याहून मोठी. दिवसातून दहा वेळा तो खाटेशी जाऊन ताप बघायचा, लघवी मोजली का म्हणून नर्सचं डोकं खायचा. एकदा राहून जाणारं इंजेक्शन त्याच्या या भुणभुणीमुळेच वेळेत दिलं गेलं.

अठराव्या दिवशी मोतीलाल काठी टेकत निघाला. अभिमनला राहवलं नाही. फाटकापाशी त्याने सुगंधाबाईला खरा आकडा सांगितला आणि मान खाली घातली.

ती हसली नाही, रागावलीही नाही.

“माले मोजता येस, भाऊ,” ती म्हणाली. “मीबी मनमा मोजं. अठ्ठावनच भरनात. तुम्ही बावीस सांगं, तवय माले समजनं, हाऊ माणूस आमले सोडनार नही.”