गोल तारे

दुर्बिणीचा बिघाड नेहमी अंधारात होतो आणि त्याचे कारण उजेडात सापडते. मधल्या वेळेत जे तयार होते, त्याला आमच्या मंडळात किस्सा म्हणतात. कारण सापडेपर्यंत किस्सा पार निपाणीपर्यंत पोचलेला असतो आणि मग कारण ऐकायला कुणीच थांबत नाही! मी भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे प्रत्येक किश्शाला कारण जोडण्याचे अप्रिय काम माझ्याकडे आले.

मंडळ म्हणजे ताऱ्यांचे फोटो काढणारे आम्ही चौघेच. बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक आप्पा. बेळगावात लेथ मशीनचा छोटा कारखाना चालवणारा बसवराज. बँकेत नोकरी करणारा संभाजी, ज्याच्या कोगनोळीजवळच्या शेतात आम्ही दुर्बिणीसाठी सिमेंटचा खांब उभारला. आणि मी.

नवख्यांसाठी थोडे सांगते. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. फोटो काढायचा तर दुर्बिणीला त्यांच्यामागून तितक्याच सावकाश फिरवणारे यंत्र लागते. त्याला माउंट म्हणतात. माउंट चुकतोच. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बसवतात. तिचा कॅमेरा एकाच ताऱ्यावर नजर ठेवतो आणि तारा जरा ढळला की माउंटला हळूच सावरतो. हे गाइडिंग. लॅपटॉपवर त्याची वरखाली होणारी रेघ उमटत राहते. गाइडिंग फसले, की फोटोतले तारे लांबट येतात.

"ही चांदणी न्हाय गं, अंडं हाय," आप्पा म्हणायचे.

रोलच्या कॅमेऱ्यांच्या काळात हेच काम आप्पांनी हाताने केले होते. कॅम्पातल्या गच्चीवर, एक डोळा मिटून, दुसरा दुर्बिणीतल्या फुलीवर लावून, हातातल्या रिमोटची बटणे अंगठ्याने दाबत ते बसून राहत. निघाली ती अंडीच. निवृत्तीनंतर त्यांनी हा माउंट घेतला तो एकाच इच्छेने: मृगातल्या तेजोमेघाचा एक फोटो, आणि त्यात गोल तारे.

*

पहिल्याच हिवाळ्यात रेघेवर ठोके उमटू लागले. एक ठोका, थोडी उसंत, पुन्हा ठोका. एखादे जड पाऊल खांबाभोवती फिरत असावे तसे. टॉर्च मारला. शेतातल्या गुडघाभर तंबाखूत कुणी उभे असते तर दिसलेच असते. ठोके चालूच.

संभाजी गाडीत जाऊन बसला आणि त्याने काच वर केली. मग बोटभर खाली करून म्हणाला, "मॅडम, ह्यो चालतोय कोण?"

"पावलांचा आवाज येतो का?"

"न्हाय."

"मग कुणी चालत नाही."

"आवाज न करता चालणाऱ्याबद्दलच इचारतोय मी!"

बोअरची मोटर असेल म्हणावे, तर त्या वेळी शिवारात वीज नव्हती. आमच्या शिवारात नव्हती! आमचे शेत कर्नाटकात, बांधापलीकडचे महाराष्ट्रात. तिकडे वीज येण्याची वेळ निराळी. मोटर तिकडची, पण तिची जुनी पाइपलाइन सीमेखालून येऊन आमच्या खांबाच्या पायाला घासून गेलेली. पाइपात हवा शिरली होती आणि पाणी आतल्या आत आदळत होते.

आप्पांनी निकाल दिला, "भूत बी परराज्यातलं निघालं!"

*

ठोके थांबले तेव्हा त्यांच्याखाली दडलेले दुसरेच काही दिसू लागले. तारा सावकाश पश्चिमेला कलायचा, थांबायचा आणि परत यायचा. इतका संथ, इतका नियमित, की रेघेकडे बघता बघता आपला श्वास नकळत तिच्या लयीत जायचा. बसवराजने एकदा माउंटवर तळहात ठेवून पाहिला आणि चटकन काढून घेतला.

त्याच हाताने त्याने दुसऱ्या दिवशी कारखान्यात माउंट उघडला. आत स्क्रूसारखा एक गिअर असतो. तो किंचित वाकडा असला, की दर फेऱ्याला तीच चूक होते.

"अय्यो, ह्याला कुणी घासलंय हो? आमच्या वॉचमननं ह्याच्यापरास बरं घासलं असतं!"

त्याने तो तासला, ग्रीस बदलले. श्वास लहान झाला, पण थांबला नाही. मी गाइडिंग बंद ठेवून रात्रीमागून रात्री चाचण्या घेतल्या. प्रत्येक फोटोत अंडी. निष्कर्ष स्पष्ट होता: गाइडिंगशिवाय या माउंटवर गोल तारा मिळणे अशक्य. हे वाक्य मी विचारपूर्वक लिहीत आहे.

"म्हाताऱ्याचा श्वास हाय, मॅडम," बसवराज म्हणाला. "चालू हाय तंवर बरं म्हणायचं."

*

मग एका रात्री रेघ एकदम सरळ झाली. हलेचना! संभाजीने आनंदाने आप्पांना फोन लावला, "आप्पा, माउंट सुधारला! रेघ कशी आखल्यावाणी हाय!"

पलीकडून आप्पा शांतपणे म्हणाले, "रेघ हलंना झाली म्हंजे पेशंट गेला, रं."

ते बरोबर होते. छोट्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर एखादा ठिपका बिघडलेला असतो. आकाश असो नसो, तो सदा चमकतो. सॉफ्टवेअर त्यालाच तारा समजून बसले होते. तो ढळतच नाही, मग सावरणार कुणाला? त्या रात्रीचे फोटो मी आप्पांना दाखवले.

"अंडी न्हाईत ही," ते म्हणाले. "गांडुळं हायत!"

*

नंतर दुर्बिणीला मागून हिसका बसू लागला. तोही विशिष्ट जागीच. मृग डोक्यावर आला, की कुणी पदर ओढावा तशी ती अडखळायची. वारा नाही, वायर मोकळी, स्क्रू घट्ट.

शेवटी मी लाल टॉर्च घेऊन माउंटच्या खाली वाकले. तिथे, पोटाशी, काळ्या दोऱ्यात ओवलेले लिंबू आणि मिरच्या लटकत होत्या. दुर्बीण त्या कोनात आली, की लिंबू बरोबर एका खटक्यात अडकायचे.

संभाजीच्या आईंनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. "मीच बांधलं. एवढी म्हागाची वस्तू उघड्यावर ठेवता, दिष्ट लागंल का न्हाय?"

मी ते काढायला सांगितले.

"काढा की," त्या म्हणाल्या. "पर बाई, मग कोन येऊन हात लावून गेलं, तर मला इचारायचं न्हाय."

*

यंदाच्या थंडीत आप्पांना बेळगावात दवाखान्यात दाखल केले. हृदयाची शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन जे सांगितले, ते काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, चेहऱ्यावरून आप्पांना कळलेच. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेले.

"मास्तरीण," ते म्हणाले, "टेबलावर घ्यायच्या आधी एक फोटो दाव. अंडी आणू नगंस, मला पथ्य हाय!"

आम्ही तिघे तडक कोगनोळीला गेलो. दुर्बिणीची कालची जुळणी तशीच होती. मृग वर आला, कॅमेरा सुरू केला, गाइडिंग लावले आणि लॅपटॉपकडे पाहिले.

रेघ सरळ होती. हलत नव्हती.

संभाजी म्हणाला, "मॅडम, दवाखान्यात फोन करू?"

"कशासाठी?" मी विचारले, पण उत्तर मला नको होते.

बिघडलेला ठिपकाच असणार. मी उठले, तेवढ्यात पहिला फोटो उतरला. बसवराजने तो मोठा करून पाहिला. "मॅडम, थांबा. हात लावू नका."

तारे गोल होते. कोपऱ्यांपर्यंत.

दुसराही गोल, तिसराही. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही, हा मीच केलेला नियम. तो मी पाळला, पण पाठ फिरवून बसणे मला जमले नाही. पहाटेपर्यंत फोटो येत राहिले. एका फोटोत तेवढी अंडी आली. तो मी वगळला, आणि वगळल्याचे दोघांना सांगितलेही नाही.

उजाडताना सामान आवरायला गेलो. सगळ्यावर दव साचले होते. बसवराज छोट्या दुर्बिणीसमोर उभा राहिला आणि मला हाक मारण्याऐवजी नुसता हात वर केला.

तिच्या तोंडावर टोपण होते.

मी टोपणावरून बोट फिरवले. वर दवाचे थेंब. काढले, आतली काच कोरडी, कडा कोरडी. काच रात्री थोडा वेळ जरी उघडी असती, तरी ओली झाली असती. म्हणजे टोपण संध्याकाळपासून होते. म्हणजे कॅमेऱ्याने रात्रभर एकही तारा पाहिला नव्हता आणि माउंटला एकदाही सावरले नव्हते. मी माझ्याच जुन्या चाचण्या आठवून पाहिल्या. संभाजी मात्र खांबाकडे बघत नव्हता, सभोवारच्या तंबाखूकडे बघत होता.

बेळगावच्या अलीकडे, काकतीच्या पुढे आलो तेव्हा ऊन पडले होते.

दवाखान्याच्या दारातच काकू भेटल्या. "रातभर झोपले न्हाईत गं. एक डोळा मिटून पडलेते नुसते. डॉक्टर म्हणाले, भीती वाटत असंल."

आप्पांना न्यायला स्ट्रेचर आले होते. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. त्यांचा उजवा हात चादरीवर होता, अंगठा बटण दाबावे तसा अजून हलत होता. ते सावकाश, एकेका कोपऱ्यात, तारा तारा बघत गेले.

"गोल हायत," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"एक वाया गेला असंल की."

मी लॅपटॉप खाली घेतला.

"मधलाच कुठला तरी," आप्पा म्हणाले. "सिस्टर सुई टोचाय आलती. लई वेळ हात धरून बसली. सोडंचना!"