आईचा फ्लॅट आणि भाड्याचं गणित

“आता मला कुणी ऊठ म्हणणार नाही.” सदाशिव पेठेतला वन बीएचके स्वतःच्या नावावर झाला, त्या दिवशी आई हे म्हणाली होती. त्याआधी आम्ही इतकी भाड्याची घरं बदलली, की शाळेत कुणी पत्ता विचारला तर मला जरा आठवावं लागायचं…

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई आमच्याकडे खराडीला आहे. आता छान चालते. पण तिने इथेच राहावं असं मला वाटत होतं… तिकडे दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि ती एकटी.

म्हणून परवा तिचा फ्लॅट भाड्याने द्यायचा विषय काढला. आमच्या सीएबाईंकडून टॅक्सचे नियम नीट समजून घेऊनच बसले होते. आई गवार मोडत ऐकत होती.

भाड्यातून आपण भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर आणखी तीस टक्के सूट मिळते, मग राहील तेवढंच तुझं करपात्र उत्पन्न… असं सगळं सांगितलं.

“आणि मिळकतकरातली ती चाळीस टक्के सवलत?”

“ती मालक स्वतः राहत असेल तरच. भाडेकरू ठेवला की जाते.”

“मग मी राहते. पुण्यात सवलत कुणी सोडतं का?”

मला हसू आलं. म्हटलं, “अगं, सवलत गेली तरी भाडं कितीतरी जास्त येईल. तू स्वतः राहिलीस तर इन्कम टॅक्समध्ये त्या घराचं उत्पन्न शून्य धरतात.”

तिचे हात थांबले. “म्हणजे मी माझ्या घरात राहिले, तर सरकारसुद्धा काही विचारत नाही. मग तू का विचारतेस?”

तिला थांबवायला मी नियम शिकले, आणि तिने त्यातूनच जायची वाट काढली…

राग यायला हवा होता, पण बरं वाटलं. ऑपरेशनपासून आई प्रत्येक गोष्टीला ‘तू म्हणशील तसं’ म्हणत होती. तेच ऐकून मला खरी भीती वाटायची. परवा पहिल्यांदा तिने माझं ऐकलं नाही.

उद्या तिला सोडायला जायचंय. चटणीचे, लोणच्याचे डबे भरून झालेत. निघताना एक मागणार आहे, ती नाहीच म्हणेल हे माहीत असूनही…

आई, तुझ्या घराची एक किल्ली माझ्याकडे राहू दे ना?