सहा तुकड्यांचा डच शब्द

चाकणला आमच्या कंपनीत हॉलंडहून एक प्रेस मशीन आलं. त्याच्या दारावर पिवळ्या पट्टीत एक शब्द होता: व्हेइलखहेइट्सफोरस्ख्रिफ्तन. अर्थ साधा, सुरक्षेचे नियम. तेवढ्यासाठी त्या लोकांनी मध्ये कुठंही श्वास न घेता चोवीस रोमन अक्षरं खर्ची घातली होती.

वर्षभराने हॉलंडच्या एक बाई तपासणीला येणार असं ठरलं. मी ट्रेनिंग विभागात. शिवाय तीन महिने ऑनलाइन डच शिकून सर्टिफिकेट मिळवलेलं, आणि ते मिळाल्याचं सगळ्यांना सांगितलेलं. साहेब म्हणाले, "स्वागताला तो शब्द तुम्हीच म्हणा. छाप पडेल."

पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये मी आठवडाभर घोकत होतो. डचांचा 'ग' घशातून 'ख'सारखा खरवडून काढावा लागतो. तिसऱ्या दिवशी बायकोने न विचारताच आल्याचा काढा पुढ्यात ठेवला.

मशीनपाशी सराव करताना निघोज्याचे आमचे जुने वेल्डर ऐकत होते. त्यांना राहवेना. "सायेब, तुमी चुकीच्या जागी तोडताय. 'हेइट्स'मधला स पुढच्या 'फोर'ला कशाला चिकटवता? त्यो मागच्याचा हाय." आणि त्यांनी तुकडे पाडून दाखवले: व्हेइ, लख, हेइट्स, फोर, स्ख्रिफ, तन.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"मशीन बसवाय गोरा आला व्हता न्हवं? मी गॉगल घातला न्हाई की हेच बोलायचा. महिनाभर. आधी सावकाश, मंग जोरात."

मी हसून सोडून दिलं. सर्टिफिकेट माझ्याकडं होतं.

बाई आल्या. पुष्पगुच्छ झाला, फोटो झाले. मी पट्टीसमोर उभा राहून शब्द म्हटला. त्यांनी मान तिरपी करून ऐकलं आणि इंग्रजीत अगदी प्रेमाने विचारलं, "छान. ही मराठी का?"

साहेब बुटांकडे बघू लागले. तेवढ्यात मागून वेल्डर गरजले. अख्खा शब्द, एका दमात, त्या गोऱ्याच्या रागासकट. बाई दचकल्या. बोलण्याच्या नादात कपाळावर सरकवलेला गॉगल त्यांनी झटकन डोळ्यांवर ओढला आणि "सॉरी" म्हणाल्या.

जाताना त्यांनी लिहून दिलं की इथल्या कामगारांना प्रशिक्षण उत्तम मिळालेलं आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी वेल्डरना गाठलं. म्हटलं, "श्रेय तुमचं होतं. मी गप्प बसलो, चुकलं माझं."

"असू द्या वो," ते म्हणाले. "पर त्याचा अर्थ काय?"

मी सांगितला.

"एवढंच? मला वाटायचं, शिवी हाय."

"मग बाईंना कशी दिलीत?"

"गॉगल कुठं घातला व्हता त्यांनी?"

मी पोट धरून हसलो. साहेबांना खरं काय ते सांगायला मात्र मला आणखी आठवडा लागला.